आतली चीर आणि काचेचा तंतू

युनियनचा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाई किंवा कामगार कायदा यांवर बोलणार, अशी लोकांची समजूत असते. यंदा आम्ही काचेच्या एका तंतूविषयी बोलण्याचे ठरविले, तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एका स्नेह्यांनी हसून विचारले, "तुमचा आणि त्याचा संबंध काय?" संबंध आहे. तो आधी सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही ज्या कारखान्यात संघटनेचे काम करीत होतो, तेथे आम्ल साठविण्याची फायबरची एक मोठी टाकी होती. एका पाळीत माल उचलणारी गाडी मागे घेताना तिचा दांडा टाकीला लागला. बाहेरून पाहावे तो रंगावर नखाएवढा ओरखडा. गाडी चालविणारा इकडेतिकडे पाहून गप्प राहिला. त्याच्या आधीच्याच महिन्यात दुसऱ्या एका सोबत्याने असाच धक्का लागल्याचे प्रामाणिकपणे सांगितले होते आणि त्याचा आठ दिवसांचा पगार कापला गेला होता. चार महिन्यांनी रात्रपाळीत टाकी नेमकी त्याच जागी फुटली. खाली नळ जोडीत बसलेल्या आमच्या एका सोबत्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले. पुढे गाडीवाला आमच्याजवळ येऊन रडला. म्हणाला, "भाऊ, मी त्याच दिवशी सांगितलं असतं. पण पोरांची फी भरायची होती."

चौकशीच्या वेळी टाकीचा कापलेला तुकडा आम्ही हातात घेऊन पाहिला. बाहेरचा थर जवळजवळ अभंग होता. आतले थर मात्र भिजून वाळलेल्या वहीच्या पानांसारखे सुटे झाले होते. एवढी मोठी जखम बाहेरून दिसू नये, हे कसे? आमची शाळा नववीत सुटली. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही सार्वजनिक ग्रंथालयात बसलो, इंजिनियर मंडळींना भंडावून सोडले आणि जे समजले ते येथे मांडीत आहोत.

थरांनी बनलेला पदार्थ

दोन निरनिराळ्या वस्तू एकत्र करून दोहोंपेक्षा सरस अशी तिसरी वस्तू बनवावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करून त्यावर शेणमाती लिंपली की भिंत होते. नुसती माती तडकते, नुसत्या काठ्या वाकतात. दोन्ही मिळून मात्र पावसाळे काढतात. शास्त्रज्ञ ज्याला संमिश्र पदार्थ म्हणतात तो याच जातीचा. काठ्यांच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे तंतू असतात आणि मातीच्या जागी रेझिन, म्हणजे घट्ट होणारा राळेसारखा पदार्थ. कार्बनचा एक तंतू साधारण सात मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे दीडशे तंतू शेजारीशेजारी बसतील. हे तंतू कापडासारखे पसरायचे, त्यांत रेझिन जिरवायचे, त्यावर दुसऱ्या दिशेने दुसरा थर घालायचा आणि असे अनेक थर दाबून, तापवून पक्के करायचे, अशी ही कृती आहे.

या पदार्थाने गेल्या काही दशकांत लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्या कितीतरी जागा घेतल्या आहेत. बोइंग ७८७ या प्रवासी विमानाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग असल्या पदार्थांचा आहे. आपल्या तेजस विमानाच्या सांगाड्यातही वजनाने सुमारे ४५ टक्के भाग त्यांचाच आहे. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या किंवा वनकुसवड्याच्या पठारावर जी पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात, तीही काचतंतू आणि रेझिन यांचीच. ती वजनाला हलकी, गंजत नाहीत, आणि हवा तो आकार घेतात.

पण त्यांचा एक स्वभाव फार फसवा आहे. लोखंडी पत्र्यावर हातोडा पडला तर पोचा येतो आणि पोचा चाडी करतो. थरांच्या पदार्थावर हातोडा पडला तर वरचा थर लवतो आणि पुन्हा सरळ होतो. आतल्या आत मात्र रेझिनमध्ये बारीक चिरा पडतात आणि दोन थरांमधली पकड सुटते. ही सुटलेली जागा आघाताच्या विरुद्ध अंगाकडे जावे तसतशी रुंदावत जाते, म्हणजे आघाताच्या बाजूने पाहणाऱ्याला सर्वांत कमी दिसते आणि मागच्या बाजूला सर्वांत जास्त नुकसान असते. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून केलेला ठोकळा सहजासहजी वाकत नाही. मधला डिंक सुटला की प्रत्येक पुठ्ठा एकटा पडतो आणि थोड्याशा दाबानेही मुडपतो. आमच्या टाकीचे हेच झाले होते. आम्हां युनियनवाल्यांना हा दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

टिचकी मारून पाहणे

आतली चीर शोधण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे वाजवून पाहणे. बाजारात माठ घेताना बायका तो टिचकी मारून पाहतात. बद्द वाजला तर ठेवून देतात. रेल्वेत गाडीच्या चाकांवर हातोडी मारीत जाणारा माणूस जुन्या लोकांना आठवत असेल. विमानांच्या कामातही नाण्याने किंवा छोट्या हातोडीने पृष्ठभाग ठोकून पाहण्याची रीत आहे आणि मुरलेल्या कारागिराचा कान त्यात फार उपयोगी पडतो. त्याखेरीज मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी, क्ष-किरण आणि उष्णतेची छायाचित्रे यांनीही तपासणी करता येते.

या साऱ्या उपायांत एक अडचण आहे. वस्तू कामावरून काढून थांबवावी लागते, माणूस तेथपर्यंत पोहोचावा लागतो, आणि दोन तपासण्यांच्या मध्ये काय घडले ते कोणालाच कळत नाही. ६ मार्च २००५ रोजी क्यूबातील वाराडेरोहून कॅनडाकडे निघालेल्या एअर ट्रान्सॅट कंपनीच्या एअरबस ए-३१० विमानाचे सुकाणू उडता उडताच जवळजवळ संपूर्ण तुटून पडले. हे सुकाणू संमिश्र पदार्थाचे होते. वैमानिकांनी कौशल्याने विमान परत फिरवून सुखरूप उतरविले. कॅनडाच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की सुकाणूच्या आत आधीच दोष असावा व तो वाढत गेला असावा, आणि त्या वेळची तपासणीची पद्धत असा दोष वेळेवर पकडण्यास अपुरी होती. तपासणारांनी नेमून दिलेले काम केले नाही असा त्याचा अर्थ नव्हे. नेमून दिलेली पद्धतच तोकडी पडली.

मग विचार असा सुचला, की तपासणारा बाहेरून येण्याऐवजी वस्तूच्या पोटातच कायमचा बसविला तर? संमिश्र पदार्थ मुळात तंतूंचाच बनलेला. त्याच तंतूंच्या रांगेत एक वेगळा, प्रकाश वाहून नेणारा तंतू घातला तर तो आतली बातमी बाहेर आणील.

काचेतून जाणारा प्रकाश

प्रकाश सरळ रेषेत जातो हे आपण शाळेत शिकतो. परंतु १८४१ साली जिनेव्हात दानिएल कोलादों यांनी आणि १८५४ साली लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी लोकांसमोर दाखवून दिले, की पाण्याची धार वाकली तर तिच्यात शिरलेला प्रकाशही धारेबरोबर वाकत जातो. पाण्याच्या आतल्या कडेवर तो तिरका आपटतो, बाहेर न पडता पुन्हा आत फेकला जातो आणि असा टप्पे घेत पुढे सरकतो. पाण्याच्या धारेच्या जागी काचेची तार घेतली की प्रकाशतंतू झाला. १९५४ साली पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखविले. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले, की काच पुरेशी शुद्ध केली तर या तंतूतून संदेश फार दूरवर नेता येतील. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या घरी जे इंटरनेट येते ते बहुतेक वाट याच तंतूतून चालून येते.

असा तंतू १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याइतका जाड असतो. त्याचा मधला गाभा, ज्यातून प्रकाश जातो, तो जेमतेम नऊ-दहा मायक्रॉनांचा. थरांमध्ये तो घालण्याची पहिली युक्ती अगदी साधी होती: पदार्थ तडकला की तंतूही तुटावा आणि पलीकडे प्रकाश पोहोचेनासा व्हावा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात टोरोंटो येथे रेमंड मेझर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानाच्या पंखाच्या पुढल्या कडेत अशा तंतूंची जाळी घालून प्रयोग केले. कोणते तंतू विझले ते पाहिले की आघाताची जागा समजते. पण हा तंतू एकदाच बोलतो, तोही मरताना. दुखणे वाढत असताना त्याच्याकडून काही कळत नाही.

रेषांची शिडी

याहून शहाणा तंतू हाती आला तो एका वेगळ्याच प्रयोगातून. १९७८ साली ओटावा येथे केनेथ हिल व त्यांचे सहकारी तंतूतून लेसरचा प्रखर प्रकाश सोडीत असता, काही वेळाने प्रकाश पुढे जाण्याऐवजी उलटा परतू लागला. प्रकाशाने काचेच्या गाभ्यातच सूक्ष्म पट्ट्यांची एक मालिका उमटविली होती. १९८९ साली अमेरिकेत जेरल्ड मेल्ट्झ आदींनी अतिनील किरण बाजूने टाकून अशा रेषा हव्या त्या अंतराने लिहिण्याची रीत काढली. या रेषांच्या शिडीला ब्रॅग जाळी म्हणतात. १९१२ साली स्फटिकांवरून परतणाऱ्या क्ष-किरणांचा नियम सांगणाऱ्या आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी नोबेल मिळविणाऱ्या लॉरेन्स ब्रॅग यांचे ते नाव.

शिडीच्या दोन पायऱ्यांमधले अंतर सुमारे अर्धा मायक्रॉन असते, म्हणजे एक सेंटिमीटर लांबीत जवळजवळ १९ हजार पायऱ्या झाल्या. तंतूतून अनेक रंगांचा प्रकाश सोडला, तर पायऱ्यांच्या अंतराशी ज्याची लय जुळते तेवढाच एक रंग परत येतो आणि बाकीचे पुढे जातात. (रंग म्हणायचे ते समजुतीपुरते; हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.) आता तो भाग ताणला गेला, की पायऱ्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि परत येणारा रंग बदलतो. दाबला गेला की उलट होते. सतार जुळविताना खुंटी पिळली की सूर चढतो, तसेच हे. येथे ताण कळतो तो रंगावरून, एवढाच फरक.

फरक किती बारीक मोजला जातो? एक मीटर लांबीची वस्तू एका मायक्रॉनने, म्हणजे दहा लाखांत एक भाग, लांबली तर परतणाऱ्या प्रकाशाच्या लहरीची लांबी मीटरच्या दशअब्जांश भागाच्या शतांशाहून थोड्या जास्त अंशाने सरकते. हा आकडा ऐकून घाबरू नये. तो वाचणारी यंत्रे आज तयार मिळतात. एकाच तंतूवर निरनिराळ्या अंतराच्या पायऱ्यांच्या अनेक शिड्या लिहिता येतात. प्रत्येकीचा रंग वेगळा असल्यामुळे कोणती शिडी काय सांगते हे हजेरीपटातल्या नावांसारखे वेगवेगळे ओळखता येते.

विजेच्या तारांचे ताणमापक पूर्वीपासून होते. त्यांना सोडून काच का घ्यावी? काच वीज वाहत नाही. पवनचक्कीच्या पात्यावर वीज पडते, जवळच मोठे जनित्र फिरत असते. तेथे धातूच्या तारांत खोटे संदेश उठतात आणि तारच विजेला आमंत्रण देते. काचेच्या तंतूला या गोष्टींची बाधा नाही. पाते मिनिटाला दहाबारा फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात त्याच्या स्वतःच्या वजनाचा ताण एकदा या अंगाला व एकदा त्या अंगाला येतो. वीस वर्षांत अशी आवर्तने दहा कोटींच्या घरात जातात. एवढी हजेरी न कंटाळता घेणारा पहारेकरी काचेचाच हवा.

चीर तंतूला कशी समजते, हेही पाहिले पाहिजे. चीर पडली की तिच्यावरून जाणारा भार शेजाऱ्यांवर पडतो. एक गडी गैरहजर राहिला की त्याचे काम उरलेल्यांवर पडते तसा. ठरावीक भाराखाली शिडीचा जो रंग नवेपणी येत होता तो आता येत नाही. चीर अगदी जवळ असेल तर शिडीच्या एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी ताण बसतो, पायऱ्यांची अंतरे सारखी राहत नाहीत, आणि एक स्वच्छ रंग परतण्याऐवजी पसरट किंवा दुभंगलेला रंग येतो. म्हणून पहिल्या दिवसाची नोंद जपून ठेवणे अत्यावश्यक आहे. निरोगी असतानाची नाडी माहीत नसेल तर वैद्य तरी काय सांगणार?

हाताचे काम आणि तंतूच्या मर्यादा

येथे आम्ही मोल्डवर वाकून थर घालणाऱ्या कामगारांच्या वतीने थोडे बोलतो, कारण पुस्तकांत हा भाग फार थोडक्यात येतो. प्रकाशतंतू कार्बनच्या तंतूच्या पंधरावीस पट जाड. तो शेजारच्या तंतूंना समांतर घातला तर त्यांच्यात मिसळून जातो. आडवा घातला तर त्याच्या दोन्ही बाजूंना थर उचलले जातात आणि डोळ्याच्या आकाराची रेझिनची पोकळ खिसकी तयार होते. चीर शोधायला घातलेला तंतूच चिरेला जागा करून देतो. टोकियो विद्यापीठात नोबुओ ताकेदा यांच्या गटाने यासाठी नेहमीच्या तंतूच्या तिसऱ्या हिश्श्याइतके बारीक तंतू वापरले. तंतूवरचे आवरणही तपासून घ्यावे लागते, कारण विमानाचे भाग भट्टीत सुमारे १८० अंशांपर्यंत तापवितात आणि साधे आवरण तेथे टिकत नाही. आणि जेथे तंतू वस्तूच्या कडेतून बाहेर येतो, ती सर्वांत नाजूक जागा. पक्क्या झालेल्या तुकड्याच्या कडा कापताना करवत एक इंच इकडे सरकली की सारे मापन मुके झाले. प्रयोगशाळेतल्या पंडिताचे वर्षभराचे काम कडा कापणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. म्हणून त्याला तंतू कोठे आहे आणि कशासाठी आहे हे समजावून सांगणे हा कामाचाच भाग धरला पाहिजे.

तंतू नीट घातला गेला तर त्याचा आणखी एक लाभ होतो. भट्टीत रेझिन घट्ट होताना आणि नंतर थंड होऊन आक्रसताना आत जे ताण उरतात, तेही तो नोंदवितो. म्हणजे तो वस्तूचा जन्मापासूनचा साक्षीदार ठरतो.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे तापमान. ऊन तापले तरी शिडीचा रंग बदलतो. एका अंशाचा फरक साधारण दहा लाखांत आठ भाग ताणाएवढा दिसतो. सकाळ-दुपारच्या तीस अंशांच्या फरकाला चीर समजून कोणी घाबरू नये, म्हणून शेजारी ताणमुक्त नळीत दुसरी शिडी ठेवतात. तिला फक्त ऊन समजते, आणि पहिलीतून दुसरी वजा करतात. दुसरी मर्यादा अशी, की शिडीला आपल्या अंगणापुरतेच दिसते. वीतभर अंतरावरची छोटी चीर ती ओळखीलच असे नाही.

या दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणजे शिड्या न लिहिता सबंध तंतूलाच कान बनविणे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्या कणाकणावरून थोडा प्रकाश उलटा विखुरतो. तो किती वेळाने व कोणत्या रूपात परतला यावरून तंतूच्या कोणत्या ठिकाणी ताण किंवा उष्णता आहे ते काढता येते. विखुरण्याचे तीन प्रकार वापरतात. रॅले यांच्या नावाचा प्रकार काही मीटर लांबीत मिलिमीटरपर्यंत बारकाई देतो. ब्रिलुअँ यांच्या नावाचा अनेक किलोमीटरपर्यंत पोहोचतो, पण तितका बारीक पाहत नाही. तिसरा रामन यांच्या नावाचा. तो उष्णता मोजण्यास कामी येतो. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जो परिणाम जाहीर केला, तो आज तंतूतून तापमान सांगतो, हे आपल्याला अभिमानाचे आहे.

आजवर हे तंतू प्रयोगशाळेबाहेर पडून काही पवनचक्क्यांच्या पात्यांत आणि पुलांत कामाला लागले आहेत. कॅनडातील कॅलगरी येथे १९९३ साली बांधलेल्या बेडिंग्टन ट्रेल पुलाच्या काँक्रीटमध्ये पोलादी तारांबरोबर कार्बन तंतूंच्या दोऱ्या वापरल्या आणि त्यांच्यावर ब्रॅग जाळीचे मापक बसविले. अशा मापकांचा हा आरंभीचाच रस्त्यावरचा पूल. विमानांत मात्र नेहमीच्या तपासणीची जागा तंतूंनी अजून घेतलेली नाही, कारण एकदा आत घातलेला मापक बिघडला तर बदलता येत नाही, आणि त्याच्या साक्षीवर माणसांचे प्राण सोपविण्यापूर्वी फार कसून परीक्षा घ्यावी लागते. ही सावधगिरी आम्हांला योग्यच वाटते.

ऐकणारा कोण?

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या टाकीत असा तंतू असता तर सोबत्याचे पाय वाचले असते का?

उत्तर देण्यापूर्वी एक अलीकडची घटना पाहू. १८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात 'टायटॅनिक'चे अवशेष पाहण्यास निघालेली 'टायटन' ही लहान पाणबुडी पाण्याच्या दाबाने चिरडली आणि आतले पाचही जण तत्क्षणी मृत्यू पावले. ते अवशेष सुमारे ३८०० मीटर खोल आहेत; तेथे दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ चारशे किलोंचा भार असतो. पाणबुडीचे मधले नळकांडे कार्बन तंतूंच्या थरांचे, सुमारे पाच इंच जाडीचे होते. तिला मापक बसविलेले होते: प्रकाशतंतूंचे नव्हेत, तर आवाज टिपणारे आणि ताण मोजणारे. पदार्थ बिघडू लागला की मापक वेळेवर सावध करतील, असे ओशनगेट कंपनी सांगत असे.

मापक मुके राहिले नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी, १५ जुलै २०२२ रोजी, एका फेरीतून वर येताना मोठा आवाज झाला होता. त्यानंतरच्या नोंदींत ताणाची रीत बदललेली दिसत होती. त्या नोंदींचा नीट अभ्यास झाला नाही आणि पाणबुडी पुन्हा पाण्यात सोडण्यात आली. त्याहूनही आधी, २०१८ च्या जानेवारीत, डेव्हिड लॉक्रिज या कंपनीच्याच जबाबदार अधिकाऱ्याने त्या वेळच्या पहिल्या नळकांड्याविषयी लेखी शंका घेतली होती आणि त्याची आतून तपासणी करण्याची मागणी केली होती. त्याला कामावरून काढून टाकण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने अहवाल दिला, की हा अपघात टाळता येण्याजोगा होता.

ज्या जागी बोलणाऱ्या माणसाची नोकरी जाते, त्या जागी बोलणाऱ्या यंत्राचेही कोणी ऐकत नाही, असा आम्ही यातून बोध घेतो. म्हणून आमच्या टाकीविषयी आमचे उत्तर असे: तंतूने आघाताची वेळ बरोबर नोंदविली असती. त्यावरून टाकी रिकामी केली असती की गाडीवाल्याचा पगार कापला असता, हे तंतूवर अवलंबून नव्हते. तोच तंतू पहारेकरी होऊ शकतो आणि हेरही होऊ शकतो.

आमचे वडील मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते. ते सांगत, की धोट्यातली कांडी संपली किंवा बाणा तुटला, की एक लोखंडी काटा खाली अडकायला काही न सापडल्यामुळे हलतो आणि साचा आपोआप थांबतो. धागा तुटल्याची खबर आणि यंत्र थांबणे या दोन गोष्टी एकाच काट्याला जोडलेल्या. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ सालच्या आपल्या स्वयंचलित मागात ताण्याचा धागा तुटला तरी माग थांबेल अशी व्यवस्था केली. पुढे त्याच घराण्याच्या मोटारींच्या कारखान्यात कामगाराला दोरी ओढून सबंध ओळ थांबविण्याची मुभा मिळाली. कापड खराब होऊ नये म्हणून जे शहाणपण शंभर वर्षांपूर्वी सुचले, ते माणूस भाजू नये म्हणूनही सुचायला हरकत नसावी.

कायद्याने या दिशेने एक पाऊल टाकले होते. १९८४ च्या भोपाळच्या संहारानंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाना कायद्यात भर घालून धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांतील कामगाराला संभाव्य धोक्याची सूचना देण्याचा हक्क देण्यात आला. हक्क सूचनेचा होता. काम थांबविण्याचा निर्णय वरच्याच हाती राहिला.

म्हणून असे तंतू जेथे बसतील तेथे तीन गोष्टी कामगारांनी मागून घ्याव्यात, असे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. तंतूच्या नोंदी त्या वस्तूखाली काम करणाऱ्यांना पाहता आल्या पाहिजेत आणि त्यांना समजतील अशा भाषेत लिहिलेल्या असल्या पाहिजेत. धक्का लागल्याचे जो स्वतः सांगेल त्याला दंड होता कामा नये. आणि नोंद ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता काम थांबले पाहिजे, त्या साच्याच्या काट्यासारखे.

आमच्या कारखान्यात तंतू आला नाही. त्या अपघातानंतर बरीच भांडणे होऊन दुसरी गोष्ट मात्र पदरात पडली: धक्का सांगणाऱ्याचा पगार कापायचा नाही, असे लेखी ठरले. टाकीजवळ दोरीने एक वही टांगण्यात आली. पहिल्या महिन्यातच तिची दोन पाने भरली. व्यवस्थापक चकित होऊन म्हणाले, "इतके धक्के एकदम कसे काय लागायला लागले?" धक्के पूर्वीइतकेच लागत होते. आता ते लिहिले जात होते. त्या नोंदींवरून दोन टाक्या वेळेवर रिकाम्या करून दुरुस्त केल्या गेल्या, आणि पहिल्या पानावरची पहिली नोंद त्याच गाडीवाल्याच्या हातची होती.